शेवटचा नंबर

पाच तारखेला सकाळी, कडबी चौकातल्या मेट्रोच्या जिन्यावर असतानाच
फोन थरथरतो :
दीड हजार रुपये वजा.
कुणी हात पुढे केला नाही, कुणी थुंकी लावून मोजले नाहीत.
पगाराला अजून माझ्या पर्सचा वासही लागलेला नसतो.

खापरीपर्यंत मी हिशोब करते.
तेवीस हजार चारशे. त्यातले घरी आठ,
गाडीचा हप्ता, रिचार्ज,
डबा विसरला त्या दिवसांचे तर्री-पोहे.
उरलं त्याला बचत म्हणत नाहीत,
असं ट्रेनिंगमधल्या बाई म्हणाल्या होत्या,
आधी बाजूला काढायचं, मग जगायचं.
समोरच्या सीटवर हर्षल बोकडे मान खाली घालून
लाल-हिरव्या काड्या बघत असतो.
मार्चमध्ये त्याने अख्ख्या मजल्याला संत्रा बर्फी वाटली.
एप्रिलपासून तो डबा एकटा खातो.
आम्ही विचारत नाही.

पाचपावलीत आमच्या घरी
दुसऱ्या शनिवारी आईची भिशी.
तेरा बायका, कूलरच्या ओल्या गवताचा वास,
स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या.
चिठ्ठी निमजेकाकूंची नात उचलते,
कारण तिला अजून वाचता येत नाही.
आई स्वतःची चिठ्ठी टाकतच नाही.
दरवर्षी शेवटचा नंबर तिचा.
"मले कायची घाई," म्हणते
आणि दुखरी दाढ चुकवत, एका बाजूने कचोरी खाते.

"तुमच्या त्या मोबाईलच्या भिशीत चिठ्ठी कोण काढते वं?"
गच्चीवर मिरच्या उलथताना तिने विचारलं.
कुणीच नाही, म्हटलं.
"मंग सभासद किती?"

मी तोंड उघडलं आणि थांबले.
अडतीस, आई. सगळ्या मीच.
तेवीस वर्षांची भरते आहे, चोवीसची भरेल,
एकतिशीतली कुरकुर करेल,
चाळिशीतलीचा मला काही भरवसा नाही.
आणि डबा उघडणार साठ वर्षांची एक बाई,
जिला मी ओळखत नाही,
जी नागपुरात तरी राहते की नाही,
मिरच्या वाळवते की विकत आणते,
माझं नाव काढते की बोटं मोडते.

आई खूप हसली. मग हसायची थांबली.
"आन् मधातच कोणाले गरज पडली तं?"

तिच्या भिशीत पडली होती.
शेवंता निमजेचा नवरा मेडिकलमध्ये होता
आणि नंबर निघाला हेडाऊबाईंचा.
त्यांनी उघडलेली चिठ्ठी पुन्हा घडी केली,
शेवंताच्या मुठीत दाबली
आणि चहा मागितला.
माझ्याकडे त्यासाठी एक बटण आहे.
दाबलं की एक टक्का कापतात,
आणि विचारतात : नक्की?

या जूनपासून डब्यात माझंही नाव आहे.
चौदावी सभासद, महिना पाचशे.
आणि पहिल्याच खेपेला त्या पोरीने
मलाच उचललं.

सात हजार.
मी म्हटलं, मला शेवटचा नंबर दे, तुझ्यासारखा.
आईने नोटा माझ्या मांडीवर आपटल्या :
"समदं त्या म्हातारीलेच देशीन काय?
गाडीचा मागचा टायर पाय, कसा गुळगुळीत झाला!"

रविवारी टायर बदलला. चौदाशे.
मग गाडी घराकडे न वळवता
सरळ दाताच्या दवाखान्यासमोर उभी केली.
आई उतरायलाच तयार नव्हती.
खुर्चीत बसल्यावरही डॉक्टरांना विचारत होती,
दाढ अर्धी आता, अर्धी दिवाळीत काढता येईल का.

परत येताना मागे बसून
सुन्न झालेल्या तोंडाने ती काहीतरी बोलत राहिली.
सी.ए. रोडच्या गर्दीत, हॉर्नमधून,
मला एकच शब्द लागला :
म्हातारी.

कुठली, ते विचारलं नाही.
नव्या टायरची गाडी जरा जड चालत होती.